विजेची गाडी आणि दाराशी नसलेली जागा

विजेवर चालणारी वाहने सर्वसामान्य चालकाच्या रोजच्या गरजेस पुरी पडतात काय, या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे हल्ली सर्वत्र ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हेच उद्याचे वाहन असून त्याला विरोध करणारा काळाच्या मागे पडलेला आहे. दुसरा पक्ष म्हणतो, हे श्रीमंतांचे खेळणे असून वाटेत बॅटरी संपली की ढकलत न्यायचे. दोन्ही पक्ष गाडीकडे पाहतात. चालकाकडे कोणीच पाहत नाही. वस्तुतः ‘सर्वसामान्य चालक’ नावाचा एकच एक माणूस अस्तित्वात नाही. स्वतःच्या बंगल्याच्या आवारात मोटार उभी करणारा व्यावसायिक हाही चालक आहे आणि भाड्याच्या खोलीत राहून रात्री रस्त्याच्या कडेला रिक्षा लावणारा हाही चालकच आहे. या दोघांना एकच वाहन सारखेच सोयीचे ठरेल असे मानणे म्हणजे प्रश्न विचारण्याआधीच तो सोडून देणे होय.

प्रथम वाहनाला त्याचे श्रेय दिले पाहिजे. रोजचा तीस किलोमीटर प्रवास करणाऱ्या स्कूटरस्वाराचा हिशेब मांडला, तर पेट्रोलच्या गाडीला सुमारे दोन तृतीयांश लिटर इंधन लागते, म्हणजे लिटरला शंभर रुपयांच्या वरचा भाव धरता सत्तरएक रुपये. तेवढ्याच अंतराला विजेच्या स्कूटरला एक ते सव्वा युनिट वीज पुरते. घरगुती विजेचा वरच्या टप्प्याचा दर धरला तरी हा खर्च पेट्रोलच्या खर्चाहून बराच कमी राहतो. तीन-साडेतीन युनिटांची बॅटरी पूर्ण भरली की शहरातील दोन-तीन दिवसांची ये-जा भागते आणि ती भरण्यास घरातील साधे प्लग व रात्रीचे पाच-सहा तास पुरेसे होतात. मार्च २०२२ मध्ये पुण्यात भर रस्त्यात स्कूटर पेटल्याने जी भीती पसरली, तीही सर्वस्वी निराधार नव्हती. तथापि त्यानंतर, डिसेंबर २०२२ पासून, बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक करण्यात आले. तेव्हा रोजच्या, ठरावीक, मर्यादित अंतराच्या प्रवासाला हे वाहन उत्तम आहे, हे मान्य करण्यात कोणताही संकोच असण्याचे कारण नाही.

परंतु या सगळ्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे घरचा प्लग. तो ज्याच्यापाशी नाही, त्याचा हिशेब पहिल्याच ओळीला कोलमडतो. मुंबईच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कामगाराने गल्लीत उभ्या केलेल्या स्कूटरला वीज कोठून द्यावी? काही गाड्यांची बॅटरी काढून वर नेता येते. पण दहा-बारा किलोंचे ते ओझे रोज जिन्याने वाहायचे आणि माणसांनाच अपुऱ्या पडणाऱ्या खोलीत रात्रभर चार्जिंगला लावायचे, याला सोय म्हणत नाहीत. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये आदर्श बांधकाम उपविधींत दुरुस्ती सुचवून नव्या इमारतींतील वाहनतळाच्या वीस टक्के जागेत चार्जिंगची तरतूद असावी असे म्हटले. उपाय योग्य आहे. पण तो नव्या इमारतींना आणि वाहनतळ असलेल्यांना लागू पडतो. जुन्या चाळी, झोपडवस्त्या, गावठाणे यांच्यासाठी त्यात एक अक्षर नाही. चार्जिंगचा प्रश्न हा वरवर तंत्रज्ञानाचा दिसला तरी मुळात तो घरांचा आणि जमिनीचा प्रश्न आहे. जागा ज्याची, वीज त्याची, असा हा व्यवहार आहे.

ज्याच्यापाशी जागा नाही त्याने सार्वजनिक चार्जिंग केंद्रावर जावे, असे उत्तर दिले जाते. डिसेंबर २०२४ अखेर देशात अशी सुमारे पंचवीस हजार केंद्रे होती. कर्नाटक पहिला होता, आणि पावणेचार हजारांच्या आसपास केंद्रे असलेला महाराष्ट्र दुसरा. केंद्रांची संख्या वाढते आहे, ही समाधानाची बाब होय. पण तेथे मिळणाऱ्या विजेचा भाव पाहिला की समाधान ओसरते. घरच्या मीटरवर येणाऱ्या विजेला वस्तू व सेवाकर नाही. चार्जिंग केंद्रावर मात्र मूळ दरावर केंद्रचालकाचा सेवाआकार चढतो आणि वर १८ टक्के वस्तू व सेवाकर बसतो. कर्नाटकातील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने २०२३ मध्ये असाच निर्णय दिला. उलट ज्याला स्वतःचे छप्पर आहे, त्याला फेब्रुवारी २०२४ च्या सूर्यघर योजनेत छतावरील सौर संचासाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि त्याची गाडी जवळपास फुकट धावते. एकच वीज, एकच गाडी; पण घर असलेल्याला अनुदान आणि घर नसलेल्याला कर. ही विषमता कोणी हेतुपुरस्सर योजली असे नव्हे. ती आपोआप घडली आहे आणि म्हणूनच ती अधिक चिंतेची आहे. गरिबाचा विचार न करता आखलेले धोरण शेवटी गरिबाच्या विरोधात जाते, हा नियोजनाचा जुनाच अनुभव आहे.

पैशाइतकाच महत्त्वाचा प्रश्न वेळेचा. बंगलेवाल्याच्या दृष्टीने चार्जिंगचा वेळ म्हणजे झोपेचा वेळ. त्याची किंमत शून्य. रिक्षाचालकाच्या दृष्टीने तो वेळ म्हणजे बुडालेली भाडी. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर चालवणाऱ्याची बॅटरी नवी असताना कशीबशी दिवसभर पुरते. ती दोन-तीन वर्षांची झाली, की दुपारी पुन्हा चार्जिंगला लावावी लागते आणि दीड-दोन तास जातात. सीएनजीच्या रांगेतही वेळ जातो हे खरे. पण तेथे नंबर लागला की काही मिनिटांत टाकी भरते. शिवाय जुन्या विजेच्या गाडीला बाजारात काय किंमत येईल याची खात्री नसल्याने धनको अधिक व्याज आणि कमी मुदत मागतात. इतके असूनही देशात २०२४-२५ साली विकल्या गेलेल्या तीनचाकींपैकी अर्ध्याहून अधिक विजेच्या होत्या, तर मोटारींत हे प्रमाण शेकडा अडीचच्या आसपासच राहिले. म्हणजे हा बदल ज्यांनी खऱ्या अर्थाने अंगावर घेतला, ते मोटारवाले नव्हेत. ते पोटासाठी गाडी चालवणारे लोक आहेत.

मग शासनाच्या सवलतींचा ओघ कोणाकडे आहे? महाराष्ट्र शासनाच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने दुचाकी-तीनचाकींना खरेदीवर काही साहाय्य ठेवले, ते स्वागतार्हच आहे. पण त्याच धोरणाची सर्वाधिक जाहिरात झालेली सवलत कोणती? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर विजेच्या मोटारी व बस यांना पथकरमाफी. बसला ही माफी मिळावी याबद्दल वाद नाही. परंतु या तिन्ही रस्त्यांवर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना मुळात प्रवेशच नाही! दुसरीकडे, २०२५ मध्येच राज्याने दुचाकी टॅक्सीला परवानगी दिली ती फक्त विजेच्या दुचाकीला. खासगी मोटारवाल्याला पेट्रोल जाळण्याची मुभा आणि विजेवर यावे म्हणून आर्जव. पोटासाठी दुचाकी चालवणाऱ्या बेकार तरुणावर मात्र सक्ती. ज्याच्याजवळ चार्जिंगची जागा आहे त्याला प्रलोभन आणि ज्याच्याजवळ ती नाही त्याला हुकूम, हा न्याय कोणता?

यावर असे म्हटले जाते की, श्रीमंतांनी आधी घेतल्याशिवाय वस्तू स्वस्त होत नाही; शिवाय हवा शुद्ध झाली तर ती सर्वांनाच मिळते. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. दिवसभर धुरात उभा राहणारा रिक्षाचालक आणि फेरीवाला यांनाच शुद्ध हवेची गरज सर्वांत जास्त आहे. परंतु देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही कोळशापासून निर्माण होते. मुंबईच्या रस्त्यावरचा धूर काही अंशी चंद्रपूरच्या धुराड्यांकडे हलवणे, एवढाच त्याचा अर्थ होऊ नये. आणि एक माणूस वाहून नेणारी दीड टनाची मोटार पेट्रोलऐवजी विजेवर चालली, तरी ती रस्त्यावरची जागा तेवढीच अडवते. म्हणून सार्वजनिक पैसा खर्च करायचा, तर प्रत्येक रुपयामागे किती माणसांचा प्रवास सुकर झाला, ही कसोटी असली पाहिजे. त्या कसोटीला बस उतरते, तीनचाकी उतरते, दुचाकीही बऱ्याच अंशी उतरते. खासगी मोटार उतरत नाही. एस.टी. महामंडळाने २०२३ साली ५,१५० विद्युत बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला; पण त्यांचा पुरवठा ठरल्या वेळापत्रकाच्या फार मागे राहिला. खरी चर्चा व्हायला हवी ती या बसगाड्यांची. त्या केव्हा येणार, त्यांची मालकी सार्वजनिक असणार की कंत्राटदाराची, आणि त्यांवरचा चालक कायम नोकरीत असणार की कंत्राटी?

तेव्हा विजेच्या गाडीला विरोध करणे हे श्रमिकांच्या हिताचे नाही आणि तिच्यामागे डोळे मिटून धावणे हेही नाही. मागणी नेमकी असली पाहिजे. चार्जिंग ही पाणपोईसारखी सार्वजनिक सेवा मानून महापालिकांनी रिक्षातळ, मंडया, चाळींच्या गल्ल्या आणि वस्त्यांच्या तोंडाशी ती स्वतः उभारावी. सार्वजनिक केंद्रावरील विजेवरचा वस्तू व सेवाकर रद्द व्हावा, जेणेकरून बेघराची वीज बंगलेवाल्याच्या विजेहून महाग राहणार नाही. रिक्षा व दुचाकी टॅक्सीचालकांसाठी बॅटरीच्या हमीची मुदत त्यांच्या कर्जाच्या मुदतीहून कमी असू नये. जेथे चार्जिंगची सोय नाही तेथे सक्ती नको. आणि गॅरेजमध्ये हात काळे करून पोट भरणाऱ्या हजारो मिस्त्रींना नव्या यंत्राचे शिक्षण शासनाच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोफत मिळावे. नाहीतर या बदलाचा पहिला बळी तेच ठरतील.

या मागण्या विधिमंडळातील भाषणांनी पुऱ्या होणाऱ्या नाहीत. आपल्या प्रभागात रात्री किती रिक्षा व दुचाकी उघड्यावर उभ्या राहतात, जवळचे चार्जिंग केंद्र किती दूर आहे आणि तेथे युनिटला प्रत्यक्ष काय पडते, याची नोंद कार्यकर्त्यांनी रिक्षा संघटनांना बरोबर घेऊन केली, तर महापालिकेच्या अंदाजपत्रकावर बोलायला हाती काही ठोस असेल. विजेची गाडी येणारच आहे. ती चालवणाऱ्याची मालमत्ता होऊन येते की त्याच्या मानेवर आणखी एक हप्ता होऊन येते, हे मात्र अजून ठरायचे आहे.