साधी राहणी कुणाला परवडते?

आपल्याकडे पुरुष कपड्यांवर दोन मिनिटं जास्त बोलला की लगेच प्रश्न येतो, "काय रे, लग्न ठरलं का?" 'साधी राहणी, उच्च विचारसरणी' हे वाक्य मराठी मध्यमवर्गाने इतकं घोटलंय की गबाळेपणा हा विद्वत्तेचा पुरावाच होऊन बसलाय. चुरगळलेला शर्ट, ढगळ पँट, झिजलेल्या चपला म्हणजे माणूस नक्की विचारवंत!

मला हे पटत नाही. कारण साधेपणा सगळ्यांना सारखा परवडत नाही.

गांधीजींनी सप्टेंबर 1921 मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाने तो स्वतः निवडला होता, म्हणून तो त्याग ठरला. बाबासाहेबांनी उलटी वाट धरली. ज्यांच्या अंगावरचं नवं कापडही गावाच्या डोळ्यांत खुपायचं, त्या समाजातल्या माणसाचा सूट-टाय ही चैन कशी असेल? डिसेंबर 1927 मध्ये महाडला त्यांनी बायकांना सांगितलं, ज्या पेहरावावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते तो सोडा, नीटनेटक्या राहा. कपडा काय बोलतो हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

हा इतिहास जुना झाला म्हणाल तर 2023 मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून दलित तरुणाला मारहाण झाल्याची तक्रार पोलिसांत नोंदली गेली. चांगलं दिसणं आजही काहींना परवानगी घेऊन करावं लागतं.

आता आपल्याकडे या. पुण्याच्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी खेड्यापाड्यातली पोरं मला नेहमी भेटतात. मुलाखतीची वेळ आली की त्यांना सगळे सांगतात, "साधं जा रे, ज्ञान बघतात." असं सांगणारे बहुतेक जण पिढ्यान्‌पिढ्या इस्त्रीच्या कपड्यांत वाढलेले असतात. त्यांच्या चुरगळलेल्या शर्टाकडे लोक कौतुकाने बघतात, आणि या पोराच्या शर्टाकडे बघून 'गावाकडचा दिसतोय' म्हणतात.

कपड्यावरून माणूस जोखणं चूक आहे, मान्य. त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण ते बदलेपर्यंत पोराला कोरडा उपदेश देऊन तिथे पाठवायचं का?

आणि यात ब्रँडचा काही संबंध नाही. शर्टाच्या खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाशी संपली पाहिजे. बाही मनगटापर्यंत, पँट बुटावर जेमतेम टेकेल एवढी. शर्ट ढगळ असेल तर फेकू नका, नाक्यावरच्या टेलरकडून बाजूने आत घ्या. नव्या शर्टापेक्षा कितीतरी कमी पैशांत काम होतं. आपल्या उकाड्यात चकचकीत पॉलिस्टरपेक्षा सुती बरं, फक्त शिवायला टाकण्याआधी कापड भिजवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. पांढरा, फिकट निळा असे चार शर्ट आणि गडद निळी, करडी, काळी अशा तीन पँट घेतल्या तर 12 जोड्या होतात. पट्टा बुटाच्या रंगाचा. रोज इस्त्री. झालं! लग्नात एकदा घालून कपाटात लोंबकळणाऱ्या सुटाच्या पैशात यातलं बरंचसं येतं.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढलं होतं. जीन्स-टीशर्ट नको, स्लीपर नको, शुक्रवारी खादी वापरा. त्यावर आपण जीन्सवरून हाणामारी केली आणि विषय संपवला. काय घालू नये याचे नियम काढायला सगळे तयार असतात. काय घालावं, अंगाला कसं बसवावं, कमी पैशात कसं जमवावं, हे आपल्या शाळा-कॉलेजांत शिकवतं कोण? बायोडेटा कसा लिहायचा यावर कार्यशाळा होतात, तिथे एक तास टेलरला बोलवायला काय हरकत आहे? गावातल्या टेलरलाही चार कामं मिळतील.

ज्याच्याकडे सगळं आहे त्याने खुशाल साधं राहावं. ज्याला अजून दारातच अडवलं जातं, त्याला साधेपणाचे धडे देणं आता थांबवा. त्याऐवजी त्याला एका चांगल्या टेलरचा पत्ता द्या.