साथीविना? कोणी सांगितलं?

पॉल हॉर्न या अमेरिकी जॅझ बासरीवादकाची ‘इनसाइड’ ही ध्वनिमुद्रिका ‘साथीविना एकल बासरी’ म्हणून ओळखली जाते. माझा आक्षेप या ओळखीलाच आहे.

चिको हॅमिल्टनच्या वाद्यवृंदात नाव कमावलेला हा वादक महर्षी महेश योगींच्या ओढीनं भारतात आला आणि १९६८ मध्ये ताजमहालाच्या घुमटाखाली त्यानं हे वादन ध्वनिमुद्रित केलं. ड्रम नाही, पियानो नाही, आधी बांधून आणलेलं काही नाही. इथवर ‘एकल’ मान्य.

आता नीट ऐका. बासरीतून एका वेळी सहसा एकच सूर निघतो. हॉर्न एक सूर सोडतो आणि थांबतो. तो वर घुमत असतानाच दुसरा लावतो, मग तिसरा. तिन्ही एकत्र तरंगतात. जॅझमध्ये जे काम पियानोनं करायचं, ते इथे संगमरवर करतो. घाई केली तर सगळ्या सुरांचा काला होईल. म्हणून कुठे थांबायचं हेही घुमटच ठरवतो. याला साथ म्हणायची नाही, तर कशाला?

दुसरा साथीदार तर हाडामांसाचा माणूस. ताजचा एक पहारेकरी, येणाऱ्याजाणाऱ्यांना घुमटाचा नाद ऐकवण्यासाठी सूर लावणारा. त्याचा आवाज या मुद्रिकेवर आहे. आता तुकड्यांची नावं पाहा: ‘मुमताज महल’, ‘शाहजहान’, ‘जमुना’, ‘आग्रा’. राजा, राणी, नदी, शहर, सगळ्यांना मान. ‘उस्ताद इसा’ हेही एक नाव. दंतकथेतला हा स्थपती, इतिहासकार श्रेय देतात ते उस्ताद अहमद लाहोरींना. म्हणजे दंतकथेला नाव मिळालं, आणि प्रत्यक्ष गाणारा मात्र सगळ्या वर्णनांत नुसता ‘पहारेकरी’!

कोणी म्हणेल, तो कुठे कलावंत होता? चार सूर लावले, एवढंच. मी विचारतो, त्या घुमटात कोणता सूर कसा टिकतो, हे पाहुण्याला जास्त ठाऊक की रोज तिथे उभं राहणाऱ्याला? रियाज म्हणतात तो आणखी कशाला?

पण सगळं खापर परदेशी पाहुण्यावर फोडून मोकळं होणं सोपं आहे. मी ग्वाल्हेरचा, मैफली ऐकतच वाढलो. आमच्याकडे निवेदक तबलजीचं नाव सांगतो, संवादिनीवाल्याचं सांगतो. मागे दोन-अडीच तास तानपुरा छेडत बसलेल्या मुलीचं नाव बहुधा आभारप्रदर्शनात येतं, नाहीतर येतही नाही. तिचे सूर थांबले तर बुवांचा षड्ज कशावर उभा राहणार? आपणही आपले पहारेकरी असेच विसरतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. श्रवणमंडळात ही मुद्रिका लावाल तेव्हा ‘एकल’ हा शब्द गाळा. सांगा: बासरी पॉल हॉर्न, साथीला ताजचा घुमट, गायन तिथल्या पहारेकऱ्याचं. आणि पुढच्या मैफलीत तानपुऱ्यावर कोण बसलं आहे, ते सर्वांत आधी सांगा. तिचं नाव आज विचारता येतं. पहारेकऱ्याचं विचारायची वेळ १९६८ मध्ये होती.