खापर नास्तिकांच्या माथी

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत जत्रा-सप्ताहांच्या दिवसांत कीर्तन-प्रवचनाला बसावे, तर एक सूर हटकून कानी पडतो. पोरे हाताबाहेर गेली, घरे फुटली, जमिनी परक्यांच्या घशात गेल्या. या सगळ्याचे मूळ एकच, नास्तिकता वाढली. माना डोलतात, टाळ्या पडतात. पण हे वाढलेले नास्तिक आहेत कुठे? २०११ च्या जनगणनेत १२१ कोटींच्या या देशात स्वतःला नास्तिक म्हणवून घेणारे जेमतेम ३३ हजार निघाले. धर्मच न सांगणारे सुमारे २९ लाख होते. दहा वर्षांपूर्वी ते सात लाखांच्या आसपास होते, म्हणजे वाढ आहे. पण ते सगळे निरीश्वरवादी असे समजायला आधार नाही. इकडे पेडण्याच्या पुनवेला पाय ठेवायला जागा नसते, साळची गड्यांची जत्रा पाहायला लोक रात्र जागवतात आणि शिरगावात लईराई देवीच्या होमकुंडातून निखाऱ्यांवरून जाण्यासाठी हजारो धोंड, म्हणजे तिचे भक्त, व्रतस्थ राहतात. देव विसरलेल्या मुलखाची ही लक्षणे नव्हेत.

या भागातली श्रद्धा खोल रुजलेली आहे आणि त्याला इतिहास आहे. दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगीज राजवटीत मोडले गेले, तेव्हा देव नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. डिचोली आणि पेडणे पोर्तुगीजांच्या हाती पडले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, म्हणून या उशिरा जिंकलेल्या मुलखातली, म्हणजे नव्या काबिजादीतली, देवळे वाचली. ज्यांचे देव असे परागंदा होऊन वाचले, त्यांना देव म्हणजे केवळ पूजाअर्चा वाटत नाही. गावाचे अस्तित्वच वाटते. हे न ओळखता त्यांच्या श्रद्धेला हसणारा नास्तिक आमच्या मते उथळच.

पण इतिहासाची दुसरी बाजू प्रवचनात कोणी सांगत नाही. गोव्यातल्या हिंदूंना नागरी बरोबरीचा हक्क मिळाला तो कोणा धर्मनिष्ठ राजाकडून नव्हे. ५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनमध्ये राजेशाही उलथवून जे प्रजासत्ताक आले, त्याचे पुढारी चर्चच्या सत्तेचे कडवे विरोधक होते आणि त्यांतले कित्येक उघड मुक्तविचारी होते. त्यांनी एप्रिल १९११ मध्ये चर्च आणि राज्य यांची कायद्याने फारकत केली. राज्याचा असा धर्म उरला नाही, तेव्हा सरकारी नोकरीचे आणि सार्वजनिक जीवनाचे दरवाजे हिंदूंना उघडले. विवाह हा नागरी करार, हेही त्याच राजवटीने डिसेंबर १९१० च्या फर्मानाने ठरवले. आजही पेडण्यातले वधूवर अक्षता पडण्याआधी सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत साक्षीदार घेऊन जातात, पहिली सही करतात, ठरलेल्या मुदतीनंतर दुसरी. भटजींचा मुहूर्त चुकला तर दुसरा काढता येतो. ती सही चुकली तर कायद्याच्या लेखी लग्नच नाही. पाखंडी म्हणून ज्यांची नालस्ती झाली, त्यांनी केलेली ही सोय सगळे आस्तिक निमूटपणे वापरतात.

त्याच पोर्तुगालात २०२१ च्या जनगणनेत सुमारे १४ टक्के लोकांनी 'आम्हाला धर्म नाही' असे नोंदवले. दहा वर्षांत हे प्रमाण दुप्पट झाले. तो देश रसातळाला गेला असता, तर तिथल्या पारपत्रासाठी आपल्याकडे इतकी धावपळ झाली नसती.

आता जमिनींचे. शिरगाव, मये, डिचोली या पट्ट्यात डोंगर पोखरले गेले, विहिरी आटल्या, शेतात गाळ शिरला. आपली घरे आणि देवळे खाणपट्ट्यातून वगळा, अशी मागणी करण्याची पाळी शिरगावकरांवर आली. खाणवाल्यांपैकी कोणी नास्तिक असल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मोप विमानतळाच्या पायी पेडण्याच्या पठारावरची हजारो झाडे गेली, सभोवतालच्या जमिनींचे व्यवहार झाले. तेही व्यवहार करणाऱ्यांनी आधी देवीचा कौलच घेतला असेल. देवराईचा प्रश्न मात्र अवघड आहे. तिथे श्रद्धेने काम केले, हे कबूल केले पाहिजे. राखणदाराच्या धाकाने पिढ्यान् पिढ्या कोणी काडी उचलली नाही, म्हणून झाडे आणि झरे टिकले. तो धाक गेला आणि त्या जागी पर्यावरणाची जाण आली नाही, तर झाड पडणारच. अविश्वासाचा खरा तोटा शोधायचा तर तो इथे सापडतो. पण कुऱ्हाड चालवली कोणी? बहुतेक ठिकाणी जीर्णोद्धार समितीने. जुन्या वडाच्या मुळांवर काँक्रीट ओतून सभामंडप उभारायचा, लाद्या घालायच्या आणि पाटीवर देणगीदारांची नावे कोरायची. राखणदाराला भिणारी पिढी संपली. तिची जागा वर्गणी मोजणाऱ्यांनी घेतली.

माणसांचे जीव गेले, तेही नास्तिकतेने नव्हे. ३ मे २०२५ च्या पहाटे लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन सहा जण गेले. त्या रात्री श्रद्धा कमी पडली नव्हती, गर्दीची व्यवस्था कमी पडली. त्याच वर्षी मार्चमध्ये उसगावात पाच वर्षांच्या मुलीचा जीव गेला आणि पोलीस तपासात नरबळीचा संशय पुढे आला. असे प्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये केला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर. त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माला विरोध करत नव्हती, देवाच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीला करत होती. तरी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. कर्नाटकाने २०१७ मध्ये तसाच कायदा केला. दोन्ही शेजाऱ्यांच्या मधोमध असलेल्या गोव्याने अजून तो केलेला नाही. घाडी-भगतांच्या भीतीने पैसा आणि आब्रू गमावणाऱ्या बायकांना या राज्यात वेगळे संरक्षण नाही.

राहिला प्रश्न त्या मोजक्यांचा, ज्यांना खरोखरच पटत नाही. गावात असा तरुण सहसा वाद घालत नाही. जत्रेला पाहुण्यांची उठबस करतो, वर्गणी देतो आणि गप्प राहतो. बोलला तर मानपानाचे प्रश्न उभे राहतात, प्रसंगी वाळीत टाकण्याची भाषा होते. हिप्नॉटिझममागे कोणतीही गूढ शक्ती नसून माणसाचे मनच असते, हे दोनशे वर्षांपूर्वी युरोपात सांगणारा आबे फारिया कांदोळीचा. देवदेवतांच्या मागचा समाज वाचणारे दामोदर कोसंबी गोव्यातच जन्मले. त्यांच्या मुलखात 'मला पटत नाही' हे शब्द घशात अडकावेत, याची लाज नास्तिकांनी बाळगायची की बाकीच्यांनी?

सरकारने जादूटोणाविरोधी विधेयक आणावे आणि महाराष्ट्राने २०१६ मध्ये केला तसा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदाही करावा. पेडणे आणि डिचोलीच्या आमदारांनी, पक्ष कोणताही असो, त्यासाठी पुढाकार घ्यावा. फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेचा प्रगणक दारात येईल, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने धर्माच्या रकान्यात आपापले खरे उत्तर सांगावे आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी ते तसेच लिहू द्यावे.