फोल्डरमधला जुना नमुना

गेल्या महिन्यात जळगावच्या एमआयडीसीतल्या एका पाइप कारखान्यात दोन तास बसलो होतो. एका डीलरकडची उधारी थकली होती, दावा लावायचा होता. पुरावा म्हणून व्हॉट्सअॅपवरचे निरोप आणि संगणकातला खातेउतारा जोडायचा होता. कंपनीच्या विधी अधिकाऱ्यानं प्रमाणपत्र टाइप करून, शिक्का मारून तयार ठेवलं होतं. वर लिहिलं होतं : कलम 65-ब, भारतीय पुरावा अधिनियम, 1872.

तो कायदा 1 जुलै 2024 ला गेला. त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एकावर पक्षकाराची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची. शिवाय फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे आकडे-अक्षरांत उमटलेला तिचा ठसा, तोही नोंदवायचा.

"दादा, मला माहीत होतं हो," तो कळवळून म्हणाला. "ग्रुपवर मीच टाकलं होतं. फोल्डरमधला नमुना तेवढा राहिला."

त्याच फोल्डरमध्ये डीलरशी करायचा करारनामा सापडला, 100 रुपयांच्या मुद्रांकाचा. राज्यानं ही किमान रक्कम ऑक्टोबर 2024 मध्येच 500 केली आहे.

माणूस हुशार आहे, कष्टाळू आहे. म्हणूनच मला काळजी वाटते. दिल्लीत निघालेलं राजपत्र दुपारपर्यंत धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतल्या मोबाइलवर येतं. पुढे ते करारात, खरेदीच्या ऑर्डरीत, हजेरीपटात उतरवायचं काम मात्र कोणाच्याच नावावर नसतं. आणि जुना नमुना नुसता पुसूनही भागत नाही. 1 जुलै 2024 ला जी प्रकरणं न्यायालयात चालू होती, त्यांना जुनाच पुरावा कायदा लागू आहे. दोन्ही नमुने हवेत, आणि कोणता कधी वापरायचा याची तारीख त्यांच्यावर हवी.

कंपनीतला वकील एकटा असतो, हे मालकमंडळींच्या लक्षात येत नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे वकिली थांबवावी लागते, सनद स्थगित ठेवावी लागते. त्याबरोबर बाररूमही सुटते. कोणत्या न्यायाधीशांनी काल कोणता कागद परत केला, हे तिथं चहा पिता पिता कळतं. जळगाव-धुळ्याच्या वकिलांना औरंगाबाद खंडपीठातल्या घडामोडी आपल्या माणसांकडून समजतात. कंपनीतल्या वकिलाला त्या छापून आल्यावर. शेजारच्या टेबलावरचा सीए नोकरीत असला तरी त्याच्या संस्थेनं त्याला अभ्यासाचे ठराविक तास बंधनकारक केले आहेत. वकिलावर तसं बंधन नाही, म्हणून त्याच्या अभ्यासासाठी वेळही कोणी राखून ठेवत नाही.

याची किंमत त्यालाच मोजावी लागते. 31 ऑक्टोबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की वकील आणि अशील यांच्यातल्या गोपनीयतेचं साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 चं संरक्षण कंपनीच्या पगारी वकिलाला मिळत नाही. कलम 134 चं मर्यादित संरक्षण तेवढं आहे. म्हणजे साहेबांना मोकळेपणानं पाठवलेला ईमेल उद्या तपास यंत्रणेच्या हाती पडू शकतो. मी ज्यांच्याशी बोललो, त्यांतल्या बहुतेकांनी हा निकाल ऐकला होता. ईमेल लिहायची पद्धत बदललेला एकही भेटला नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांनी 29 कायद्यांची जागा घेतली. वेतनाची व्याख्या बदलली, की पगारपत्रकाचा प्रत्येक रकाना पुन्हा बघावा लागतो. ते काम पुढे ढकललेल्या वाचनातून होणारं नाही. 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 43-ब(ह) चंही असंच झालं. लघुउद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत चुकवायचं. त्या मुदतीत पैसे गेले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरला जातो. हे वकिलाला ठाऊक असतं. पुरवठादाराकडून उद्यम प्रमाणपत्र मागून घ्यायचं असतं खरेदी विभागातल्या मुलानं, आणि त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

मी स्वतः अशा नोकरीत होतो तेव्हा एक जाड वही ठेवायचो. डाव्या पानावर बदल आणि तो लागू होण्याची तारीख. उजव्या पानावर त्यानं बदलणारे कागद, ते कागद हाताळणाऱ्या माणसांची नावं, आणि समजल्याची त्यांची सही. उजवं पान भरेपर्यंत डाव्या पानावर खूण करायची नाही, असा नेम होता. त्यासाठी मालकांकडून दर गुरुवारची सकाळ मागून घेतली होती. पहिल्यांदा ते कुरकुरले, नंतर स्वतःच विचारायला लागले, की वहीत काय नवीन?

खान्देशातल्या मालकांकडे माझी तेवढीच मागणी आहे. तुमच्या वकिलाला आठवड्यातली एक सकाळ द्या, आणि खरेदी, लेखा, वेळ कार्यालय यांच्या दारात जायचा अधिकार द्या.

पाइप कारखान्यात आम्ही त्याच दिवशी फोल्डरचे दोन भाग केले. एकाला नाव दिलं '1 जुलै 2024 ला चालू असलेली प्रकरणं', दुसऱ्याला 'त्यानंतरची'. मग दुसऱ्या भागातलं प्रमाणपत्र नव्यानं टाइप करायला घेतलं. तज्ज्ञाच्या सहीची जागा अजून रिकामी आहे. जळगावात असा माणूस कोण, हे तो आता शोधतो आहे.