आठ चाचण्यांचा हिशेब

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत रिजेक्शन वाढलं की पहिला सल्ला ठरलेला असतो : एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण सगळे हेच शिकलो. माझं स्पष्ट मत आहे, की या सल्ल्यानेच बरीच भट्टी फुकट जळते.

साच्याची वाळू घ्या. साचा ढासळतो म्हणून नुसतं बेंटोनाइट वाढवलं, तर त्याला भिजायला पाणी पुरत नाही आणि हवी तशी ताकद येत नाही. नुसतं पाणी वाढवलं, तर वाफ होऊन कास्टिंगला ब्लोहोल पडतात. दोन्ही उपाय फसले असं समजून सुपरवायझर जुन्या मापावर परततो. दोन्ही एकदम वाढवून कुणी पाहतच नाही, आणि उत्तर तिथंच असू शकतं.

अनेक बाबी एकदम बदलून काय साधतं, ते बघा. १९५३ साली जपानच्या इना या टाइल्स बनवणाऱ्या कंपनीत भट्टीतल्या कडेच्या आणि आतल्या टाइल्सना सारखी उष्णता मिळत नव्हती, त्यामुळे आकार कमीजास्त होत. भट्टी बदलणं फार खर्चाचं होतं. म्हणून मिश्रणातल्या सात बाबी प्रत्येकी दोन पातळ्यांवर तपासायचं ठरलं. सगळे मेळ घ्यायचे तर १२८ चाचण्या. त्यांनी नेमक्या निवडलेल्या ८ घेतल्या. चुनखडीचं प्रमाण एक टक्क्यावरून पाच टक्क्यांवर नेलं आणि भट्टी तीच असूनही आकारातला फरक खूप घटला. जपानी अभियंते गेनिची तागुची यांच्यामुळे हा प्रयोग जगभर गेला. निवडक चाचण्यांच्या अशा मांडणीमागचं, म्हणजे ऑर्थोगोनल ॲरेचं, गणित मात्र भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९४०च्या दशकात कलकत्त्यात मांडलं होतं. ते आपल्या कारखान्यांत जपानी पद्धत म्हणून यावं, याची मला खंत वाटते.

पण सात बाबी आठ चाचण्यांत कोंबल्या, की जोडीचा परिणाम एकट्याच्या परिणामात मिसळतो. वाळूसाठी मी तीनच घेईन : पाणी, बेंटोनाइट आणि वाळू मिक्सरमध्ये फिरवण्याचा वेळ. चाचण्या आठच, पण सगळे मेळ दिसतात. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. कारण पाळी सरेल तशी परतीची वाळू तापते आणि क्रम ठरावीक असेल तर त्याचा दोष भलत्याच बाबीवर जातो.

बाबी निवडताना मोल्डरला बैठकीत बसवा. चाचणीच्या दिवशी नग कमी निघतात, म्हणून त्याची नगावरची मजुरी कापू नका. कापली, तर तो ठरलेली मापं पाळणार नाही, आणि त्याला जाब विचारायचा हक्क मालकाला नसेल.