निरोप न देता बदललेलं घर

परवा सकाळी तळोज्यातल्या एका चाचांचा फोन आला. वय पंचाहत्तरीच्या पुढं. माझा प्रत्येक लेख वाचतात, चुकलं तर कान उपटतात. म्हणाले, "बेटा, तुझे जुने लेख कुठं गेले? नुसते फोटो दिसतायत. आणि अक्षरं मुंगीएवढी का केलीस?"

पनवेलहून लोकल सुटल्यावर मी मोबाइल उघडला. खरंच सगळं बदललं होतं. लेखांची वर्षवार यादी गायब, शोधायची चौकट एका बारीकशा चिन्हामागं लपलेली. मी यातलं काहीच केलं नव्हतं. ज्यांच्या सॉफ्टवेअरवर माझं लिखाण चालतं त्यांनी ते केलं होतं, एक ओळीचा मेलही न पाठवता.

अशी तक्रार केली की दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, "होईल सवय." यात तथ्य आहे. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकनं न्यूज फीड अचानक सुरू केलं, तेव्हा लाखो लोकांनी विरोध नोंदवला. फीड काही गेलं नाही, लोकांना त्याची सवयही झाली. पण मार्क झुकरबर्गला चूक कबूल करावी लागली आणि आपली माहिती कुणाला दिसावी हे ठरवण्याची नवी सोय द्यावी लागली. म्हणजे ओरड वाया गेली नाही.

दुसरं उत्तर, "फुकट वापरता, मग कुरकुर कसली?" हे मला पटत नाही. लिहिणारे नसतील तर ही सॉफ्टवेअरं रिकामी खोकी आहेत. आणि भाड्याच्या खोलीची भिंत पाडायची असेल तरी मालक आधी निरोप देतो. निरोपाला पैसे लागत नाहीत.

वर्डप्रेसचं उदाहरण बघा. ६ डिसेंबर २०१८ रोजी ५.० ही आवृत्ती आली आणि लिहिण्याची पद्धतच बदलली. नवा संपादक लोकांना आधी वापरून बघता येत होता, तरी नेमकी तारीख जेमतेम दोन दिवस आधी सांगितली म्हणून लोक भडकले. मात्र त्यांनी जुना संपादक वेगळा जोडून घेण्याची सोय ठेवली. पन्नास लाखांहून अधिक संकेतस्थळांनी ती घेतली. बदल करा, पण जुना दरवाजा काही काळ उघडा ठेवा, एवढंच तर मागणं आहे.

आपल्या भाषेला याची झळ जास्त बसते. मराठी 'ल' आणि 'श' यांचं वळण हिंदीहून वेगळं आहे. राज्य सरकारनं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात प्रमाण मराठी वर्णमाला ठरवून दिली. पण काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि पानावर 'भाषा मराठी' अशी खूण असेल तरच मराठी वळण उमटतं. नव्या मांडणीत ती खूण गळाली, तर लेख एका रात्रीत परक्या अक्षरांत दिसू लागतो. इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या हे ध्यानातही येणार नाही. त्यामुळं ते आपल्यालाच सांगावं लागेल, आणि सवय होण्याआधी सांगावं लागेल.

मी तीन कामं केली. कंपनीला तक्रार पाठवली, सगळ्या लेखांची प्रत उतरवून घेतली आणि जुन्या लेखांची यादी हातानं एका पानावर लावली. तुम्हीही लिहीत असाल तर प्रत आजच काढून ठेवा.

यादीचा दुवा चाचांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "मिळाले. पण अक्षरं अजून बारीकच आहेत."

कंपनीचं उत्तर अजून यायचंय.