गाडी विकली... पण नाव गेलं का?



ऑफिसात चहाच्या टेबलावर दर दोन-तीन महिन्यांनी हमखास निघणारा विषय म्हणजे, "गाडी काढायची आहे. डीलरला देऊ की स्वतः विकू?" मग लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "डीलर लुटतात रे, डायरेक्ट गिऱ्हाईक बघ." दुसरी म्हणते, "कुठे त्या भानगडीत पडतोस, देऊन टाक आणि मोकळा हो." मग कोणाच्या भावाला किती मिळाले, कोणाच्या साडूला किती मिळाले याची उजळणी होते आणि चहा संपतो.

मी यातल्या कुठल्याच पार्टीत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सगळेजण "किती मिळतील?" इथून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. पहिला प्रश्न वेगळा हवा. आरसीवरचं माझं नाव कोण काढणार आणि कधी? याचं उत्तर ज्याच्याकडे पक्कं असेल त्याला गाडी द्यावी, मग तो डीलर असो नाहीतर समोरच्या विंगमधले काका.

आधी पैशांचं बघू, कारण शेवटी सगळ्यांचा जीव तिथेच अडकलेला असतो :)

समजा तुमच्या गाडीला ओळखीतला माणूस ४ लाख ६० हजार द्यायला तयार आहे आणि डीलर ४ लाख १० वर अडून बसलाय. मधले ५० हजार म्हणजे लूट का? डीलरला गाडी धुऊन-पुसून, डेंट काढून, टायर बघून उभी करायची असते. ती विकली जाईपर्यंत त्याचे पैसे अडकतात. शिवाय तो जीएसटी नोंदणी असलेला असेल तर त्याच्या मार्जिनवर १८ टक्के कर लागतो. डिसेंबर २०२४ च्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीनंतर हा दर जवळपास सगळ्याच जुन्या गाड्यांना लागू झाला. तेव्हा "आता जुनी गाडी तोट्यात विकली तरी टॅक्स भरा" असे मेसेज किती फिरले होते आठवतंय? ते चूक होतं. कर मार्जिनवर आहे आणि तो धंदा करणाऱ्याला आहे. तुम्ही तुमची घरची गाडी दुसऱ्या माणसाला विकलीत तर जीएसटीचा संबंध येत नाही.

आणखी एक. गेल्या-त्या वर्षी कोणाला किती मिळाले हा आकडा आता डोक्यातून काढून टाका. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून थेट १८ टक्क्यांवर आला. नवी गाडीच स्वस्त झाली की जुनीचा भाव खाली येणारच. २०२४ चा भाव धरून बसलात तर गाडी पार्किंगमध्येच म्हातारी होईल.

आता डीलर कमी भाव का देतो याचं एक खोल कारण आहे, आणि ते अर्थशास्त्राच्या पुस्तकात आहे. जॉर्ज अकर्लॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये चक्क जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. अमेरिकेत भंगार निघालेल्या गाडीला 'लेमन' म्हणतात. त्याचा मुद्दा साधा होता: गाडी चांगली की लिंबू हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सरासरी भाव सांगतो. त्या भावात चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो, आणि मागे लिंबंच जास्त उरतात. या कामासाठी त्याला २००१ चं नोबेल मिळालं (दोघांसोबत विभागून).

याचा आपल्याला उपयोग काय? तर तुमची गाडी दर वेळी वेळेवर सर्व्हिसिंगला गेली, एकदाही ठोकली नाही, हे डीलरला पटवणं अवघड आहे. तो सरासरीच लावणार. पण सोसायटीतले काका पाच वर्षं रोज सकाळी तुम्हाला ती गाडी पुसताना बघतायत. त्यांना ते पटवावं लागत नाही! म्हणजे खाजगी विक्रीत जास्त पैसे मिळतात ते ओळखीतल्या, माहितीतल्या माणसाकडून. अनोळखी गिऱ्हाईक तर डीलरपेक्षाही जास्त संशयाने बघतं, बरोबर स्वतःचा मेकॅनिक आणतं आणि तो मेकॅनिक बॉनेट उघडायच्या आधीच मान हलवायला लागतो.

इथवर सगळं ओळखीच्या माणसाच्या बाजूने आहे. गंमत पुढे आहे.

आपल्याकडे बहुतेकांना वाटतं की पैसे खात्यात आले, किल्ली दिली, म्हणजे गाडी विकली. आमच्या भाषेत सांगायचं तर ट्रान्झॅक्शन सुरू झाली, कमिट नाही झाली. कमिट होते आरटीओच्या नोंदीत नाव बदलतं तेव्हा. मधल्या काळात सिस्टिमला विचारलंत तर मालक तुम्हीच.

आणि हे नुसतं कागदी नाही. मोटर वाहन कायदा, १९८८ मध्ये 'मालक' म्हणजे ज्याच्या नावावर वाहन नोंदलेलं आहे ती व्यक्ती, अशी व्याख्या आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. एका माणसाने २००७ मध्ये गाडी विकली. ती पुढे दोन-तीन हात फिरली, कोणीच नाव बदललं नाही. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला, एक जीव गेला. नुकसानभरपाई कोणी द्यायची? न्यायालयाने सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव आहे त्याने. म्हणजे ज्याने दोन वर्षांपूर्वी गाडी विकून तिचं तोंडही पाहिलं नव्हतं, त्याने! न्यायालयाचं कारणही पटण्यासारखं आहे. अपघातात ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याने गाडी किती हातांतून फिरली याचा शोध घेत का हिंडायचं?

अजून ताजं उदाहरण हवं असेल तर १० नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या गाडीत स्फोट झाला ती आठवा. ती गाडीही अनेक हात फिरलेली होती. पोलिस आधी पोचले ते नोंदीत नाव असलेल्या माणसाच्या दारात, ज्याने ती कधीच विकली होती. आपल्या गाडीचं असं काही होणार नाही असं आपण धरून चालतो. त्यानेही तसंच धरलं असणार.

आता त्या ओळखीच्या माणसाकडे परत येऊ. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, बराचसा अर्ज आता परिवहनच्या पोर्टलवर भरता येतो. अवघड काही नाही. पण घेणारा आत्येभाऊ असतो. "अरे करतो रे दादा, या महिन्यात जरा गडबड आहे." पुढच्या महिन्यात गणपती, मग दिवाळी. आणि आपण विचारत नाही, कारण वाईट दिसतं. अनोळखी माणसाला रोज फोन करून भंडावून सोडू, पण काकांना लिफ्टमध्ये "आरसीचं झालं का?" विचारायला जीभ रेटत नाही. माझ्या टीममधल्या एकाला विकलेल्या गाडीची ई-चलनं सात महिने मोबाईलवर येत होती. घेणारा बायकोच्या नात्यातला. चलनं हाच भरत होता, गुपचूप! भीड भिकेची बहीण म्हणतात ते असं.

म्हणजे बघा, ज्या ओळखीमुळे भाव चांगला मिळतो, त्याच ओळखीमुळे नाव अडकून बसतं. ते ५० हजार जास्तीचे मिळतात ते फुकट नाहीत. नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करण्याचे ते पैसे आहेत. तो करणार असाल तर घ्या, नाहीतर डीलरला सोडा.

मग डीलरकडे सगळं आलबेल असतं का? अजिबात नाही. वर्षानुवर्षं चाललेली पद्धत अशी: डीलर तुमच्याकडून ट्रान्सफरच्या कोऱ्या फॉर्मांवर सह्या घेतो, पैसे देतो, गाडी घेऊन जातो. पुढचं गिऱ्हाईक मिळालं की त्याचं नाव भरतो. मधे दोन महिने जावोत की आठ, गाडी तुमच्याच नावावर आणि टेस्ट ड्राईव्हला कोण नेतंय देव जाणे. यावर सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम काढले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. आता जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. तुम्ही अशा डीलरच्या ताब्यात गाडी दिलीत की फॉर्म २९सी मधून तसं ऑनलाइन कळवायचं, आणि तिथून पुढे त्या गाडीचा मालक म्हणून जबाबदारी डीलरची. हा फार मोठा बदल आहे! पण किती जण डीलरला अधिकारपत्र विचारतात? भाव मात्र तासभर घासतात.

माझ्या मते निवड अशी करावी:

स्वतः विका, जर गाडीवर कर्ज नसेल, घेणारा शक्यतो तुमच्याच आरटीओच्या हद्दीतला असेल, सर्व्हिसिंगचे कागद असतील आणि तुमच्याकडे तीन-चार शनिवार मोकळे असतील.

डीलरला द्या, जर ऑनसाईटचं तिकीट हातात असेल, हायपोथिकेशन अजून उतरवायचं असेल (बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५), किंवा तुम्हाला कोणाला दोनदा फोन करायला संकोच वाटत असेल. मात्र अधिकारपत्र दाखवणारा आणि २९सी करणाराच डीलर हवा. शोरूममध्ये एक्स्चेंज करताना जुन्या गाडीचा भाव आणि नव्या गाडीवरची सूट वेगवेगळी लिहून मागा, नाहीतर एका खिशातलं दुसऱ्या खिशात घालून बोनस म्हणतात.

आणि दोन्हीकडे लागू असलेल्या काही गोष्टी:

१. कोऱ्या फॉर्मवर सही नाही. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरल्यावरच सही.
२. पैसे आले याचा पुरावा म्हणजे तुमच्या बँकेतला बॅलन्स. समोरच्याच्या मोबाईलवरचा स्क्रीनशॉट नव्हे.
३. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा, किलोमीटरचं रीडिंग लिहा, दोघांच्या सह्या घ्या, ओळखपत्राची कॉपी ठेवा. याने नोंदीतलं नाव बदलत नाही, पण पोलिसांना उत्तर द्यायला कामी येतं.
४. फास्टॅग बंद करा. नाहीतर ते जाणार कोल्हापूरला आणि टोल कापला जाणार तुमचा.
५. नो क्लेम बोनस हा तुमचा असतो, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षांत नव्या गाडीला वापरता येतं. ५० टक्क्यांपर्यंत असतो, सोडू नका.
६. खाजगी विक्रीत थोडी रक्कम, समजा १५-२० हजार, नाव बदलेपर्यंत बाकी ठेवायचं आधीच ठरवा. पैसे तुमचे अडकतात हे खरं, पण समोरच्याला आरटीओत जायची घाई व्हायला हवी असेल तर उलटं करा: मूळ भाव तेवढा वाढवून सांगा आणि नाव बदलल्यावर तेवढे परत देईन असं लिहून द्या. नात्यात हे फार कामाला येतं. प्रेमाने होत नाही ते २० हजारांनी होतं.

हे सगळं आत्येभावाला सांगायचं म्हणजे अवघड, हे मान्य. पण सौदा ठरायच्या आधी सांगितलं तर ती अट असते, नंतर सांगितलं की तो अविश्वास वाटतो. फरक फक्त कधी बोललो याचा.

असो. गाडी दिल्यावर परिवहनच्या साईटवर जाऊन गाडीचा नंबर टाकून बघत राहा. नावाची अक्षरं चांदण्यांनी झाकलेली असतात, पण आपलं आहे की दुसऱ्याचं एवढं नक्की कळतं. ते बदललं की मग खुशाल म्हणा, गाडी विकली. पेढे त्या दिवशी वाटा, किल्ली दिली त्या दिवशी नको!